शिदोरी कुठे सोडावी? प्लग-इन हायब्रिड गाडी आणि पुढच्या रस्त्याची खबर

रोज संध्याकाळी अमेरिकेत डेट्रॉईटजवळच्या वॉरनहून कॅंटनच्या घरी परतताना, नोवायजवळ ६९६ क्रमांकाचा फ्रीवे संपून २७५ सुरू होतो त्या जोडाच्या आसपास, माझ्या गाडीची बॅटरी संपते आणि इंजिन सुरू होते. त्यानंतर २७५वरची गर्दी आणि सगळ्यात शेवटी फोर्ड रोडवरचे सिग्नल, म्हणजे विजेवर चालण्यासाठी अगदी योग्य असलेला रस्ता, मी पेट्रोलवर काटतो. सकाळी मात्र त्याच बॅटरीतली वीज ताशी ७० मैलांच्या वेगाने वारा कापण्यात खर्च झालेली असते. दिवसाचा क्रम नेमका उलटा लागला आहे हे मला कळते, पण गाडीला कळत नाही, कारण पुढे काय वाढून ठेवले आहे याची तिला काहीच खबर नसते. प्लग-इन हायब्रिड गाडीला, म्हणजे घरी विजेला जोडून भरलेल्या बॅटरीवर आणि पेट्रोल इंजिनावर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीला, ही खबर मिळाली तर काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी गेली काही वर्षे मी वाचतो आहे, डेट्रॉईटच्या परिसरात याच व्यवसायात काम करणाऱ्या मित्रांशी बोलतो आहे आणि माझ्या परीने स्वतःच्या गाडीवर प्रयोगही करतो आहे. त्यातून जे समजले ते आज सविस्तर लिहितो.

माझी गाडी दुसऱ्या पिढीची शेव्हरोले व्होल्ट आहे. तिची बॅटरी १८.४ किलोवॅट-तासांची असून त्यातले साधारण १४ किलोवॅट-तास प्रत्यक्ष वापरायला मिळतात, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मोजमापानुसार तेवढ्यात गाडी ५३ मैल, म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर जाते. पुढे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन काम हाती घेते आणि गाडी एका लिटरला साधारण १८ किलोमीटर चालते. माझा जाण्यायेण्याचा प्रवास ११० किलोमीटरच्या थोडा वर आहे आणि कामाच्या जागी गाडी चार्ज करण्याची सोय नाही. म्हणजे बॅटरी पुरत नाही, पण फार कमीही पडत नाही. सांगायचे ते नेमके याच मधल्या पट्ट्याविषयी आहे, कारण प्रवास ८५ किलोमीटरच्या आत असेल तर वाहतुकीची कितीही बारीक माहिती पुरवली तरी बॅटरी कुठे वापरावी हा प्रश्नच उरत नाही, आणि प्रवास ८०० किलोमीटरचा असेल तर एकूण खर्चात बॅटरीचा वाटा इतका लहान होतो की ती कुठेही वापरली तरी फारसे बिघडत नाही.

पुण्याहून आलेल्या माझ्या आतेभावाने गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या सीटवर बसून सरळ प्रश्न विचारला होता, "दादा, वीज स्वस्त आहे ना? मग आधी तीच संपवायची, त्यात विचार कसला?" त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. बाजारातल्या बहुतेक प्लग-इन हायब्रिड गाड्या मुळात तसेच करतात. आधी बॅटरी उपसायची आणि ती तळाला आली की मग इंजिनाच्या मदतीने तिथेच राखायची, अशी ती पद्धत असून या क्षेत्रातले लोक तिला थोडक्यात सीडी-सीएस (चार्ज डिप्लीटिंग, चार्ज सस्टेनिंग) म्हणतात. हे धोरण आळशीपणातून आलेले आहे असे मला पूर्वी वाटायचे. आता तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण एका साध्या हिशेबात आहे.

समजा मी बॅटरी राखून ठेवण्याच्या नादात घरी पोहोचलो तेव्हा तीत ३ किलोवॅट-तास उरले. तेवढ्या विजेवर माझी गाडी १८ किलोमीटर चालली असती, म्हणजे मी जवळपास १ लिटर पेट्रोल विनाकारण जाळले. उलट, वीज योग्य ठिकाणाऐवजी अयोग्य ठिकाणी वापरली, पण पूर्ण वापरली, तर नुकसान होते ते इंजिनाच्या दोन ठिकाणच्या कार्यक्षमतेतल्या फरकाएवढेच, आणि ते या १ लिटरच्या मानाने थोडे असते. तेव्हा पहिला नियम असा, की चार्जिंगच्या जागी रिकाम्या बॅटरीने पोहोचावे. शिदोरी कुठल्या झाडाखाली सोडली हा नंतरचा प्रश्न. ती बांधलेलीच घरी परत आणू नये, हे आधी. ज्या गाडीला मुक्काम किती दूर आहे हेच माहीत नाही तिने आधी बॅटरी संपवणे हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे, कारण त्यात वीज उरण्याचा धोका सगळ्यात कमी आहे. बाहेरून गाडीला मिळणारी वाहतुकीची माहिती जर काही देत असेल तर ती या गाडीला थांबण्याचे धैर्य देते: आता खर्च करू नकोस, पुढे याहून चांगली जागा नक्की येणार आहे, आणि तिथे हे सगळे संपणार आहे.

दुसरी पायरी म्हणजे चांगली जागा कोणती हे ठरवणे. पेट्रोल इंजिन मध्यम ते बऱ्यापैकी भाराखाली, स्थिर चालीत उत्तम काम करते. कमी भारावर, रांगत्या गर्दीत त्याच्या इंधनातली ऊर्जा उष्णता आणि घर्षणात जास्त प्रमाणात वाया जाते. विजेच्या मोटारीची कार्यक्षमता मात्र दोन्हीकडे बऱ्यापैकी टिकून राहते. याखेरीज बॅटरीच्या आत होणारा तोटा विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट प्रवाह ओढला की आतली उष्णता चौपट होते. म्हणून फ्रीवेवर इंजिनाने ओढावे आणि गर्दीत मोटारीने, हा ढोबळ नियम बरोबर आहे. पण तो ढोबळच आहे, कारण व्होल्टसारख्या गाडीत दोन मोटारी, तीन क्लच आणि चालण्याच्या पाच वेगवेगळ्या तऱ्हा आहेत, आणि बॅटरी राखण्याच्या काळातही गाडी सिग्नलपाशी इंजिन बंद करून थोडीफार विजेवर सरकतेच. त्यामुळे केवळ जागा बदलल्याने होणारा फायदा डोळे दिपवणारा नसतो. तो रोजच्या रोज मिळतो आणि त्यासाठी गाडीत एकही नवा सुटा भाग बसवावा लागत नाही, हे त्याचे खरे मोल आहे.

या प्रश्नामागचे गणित जुने आहे. अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांची डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची पद्धत आणि सोव्हिएत गणितज्ञ लेव्ह पोंत्र्यागिन यांचे तत्त्व ही दोन्ही १९५०च्या दशकातली. बेलमन यांच्या पद्धतीत हिशेब मुक्कामापासून सुरू होतो आणि उलटा मागे येत निघण्याच्या जागी पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर बॅटरी किती उरली असेल तर पुढचा खर्च किती येईल, याचे कोष्टक तयार होत जाते. पोंत्र्यागिन यांच्या तत्त्वातून मिळणारा निष्कर्ष मला त्याहून सुंदर वाटतो. संपूर्ण प्रवासासाठी बॅटरीतल्या एका युनिटची पेट्रोलच्या मापात एक किंमत ठरते, आणि उत्तम नियोजनात ती किंमत निघाल्यापासून पोहोचेपर्यंत जवळपास एकच राहते. ती एकदा हाती आली की पुढचे काम सोपे असते: ज्या क्षणी इंजिन त्या किमतीपेक्षा स्वस्तात ताकद देऊ शकते त्या क्षणी इंजिन, नाही तर मोटार. अडचण एवढीच, की ती किंमत काढण्यासाठी संपूर्ण प्रवास आधी माहीत असावा लागतो. चढ कुठे, गर्दी कुठे, सिग्नल किती, हे ठाऊक नसेल तर किंमत अंदाजाने धरावी लागते. ती कमी धरली तर वीज लवकर उधळली जाते आणि जास्त धरली तर ती घरी शिल्लक येते. गणित अर्धशतकभर तयार होते आणि खबर नव्हती. आता खबर आहे.

ही खबर येते तरी कुठून? पहिला स्रोत म्हणजे रस्त्यावरचे फोन आणि गाड्या स्वतःच. त्यांच्या जागेच्या नोंदींवरून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचा सरासरी वेग काढला जातो, आणि नकाशावरच्या लाल-पिवळ्या रेषा त्यातूनच बनतात. वेळेच्या अंदाजासाठी ते पुरेसे आहे, ऊर्जेच्या अंदाजासाठी मात्र नाही. एखाद्या तुकड्याचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर गाड्या एकसारख्या चाळिसाने चालल्या असतील, किंवा शून्य आणि ऐंशी यांच्यात हेलकावे खात गेल्या असतील. सरासरी तीच, पण ऊर्जेचा खर्च फार वेगळा. सरासरीखाली दडलेला हा चढउतार कळल्याशिवाय बॅटरीचे नियोजन कच्चे राहते, आणि वाहतुकीची माहिती विकणाऱ्या सेवांनी अजून याकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा स्रोत सिग्नलचा. सिग्नलची पेटी जर रेडिओवरून स्वतःची अवस्था सांगू लागली, कोणता दिवा लागला आहे आणि तो बदलायला किती सेकंद उरले आहेत हे सेकंदाला १० वेळा प्रक्षेपित करू लागली, तर येणारी गाडी आपली चाल आधीच जुळवून घेऊ शकते. अशा संदेशांचे प्रमाणित स्वरूप अमेरिकेत ठरलेले आहे, आणि ॲन आर्बरमध्ये २०१२ साली मिशिगन विद्यापीठाने जवळपास ३,००० गाड्यांना एकमेकींशी व रस्त्यालगतच्या यंत्रांशी बोलायला लावून त्याची मोठी चाचणीही घेतली होती. त्याचे ऊर्जेतले मोल किती, याचा हिशेब मी माझ्या गाडीसाठी मांडून पाहिला. सुमारे १,६०० किलोंची गाडी ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने जात असते तेव्हा तिच्या गतीत साधारण ०.०८ किलोवॅट-तास ऊर्जा असते. लाल दिव्यापाशी थांबताना मोटार त्यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते, पण चाकापासून बॅटरीत आणि बॅटरीपासून पुन्हा चाकात या फेऱ्यात अंदाजे तिसरा हिस्सा हरवतो असे धरले, तर प्रत्येक थांब्याला १५० ते २०० मीटर रस्त्याइतकी वीज जाते. वीस सिग्नल टाळता आले तर तीन-चार किलोमीटर पदरात पडतात. ८५ किलोमीटरच्या शिदोरीत ही भर मुळीच क्षुल्लक नाही.

इथे आमच्या भागातली एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. शेजारच्या ओकलंड काउंटीतले पुष्कळ सिग्नल १९९२पासून मूळच्या सिडनीच्या एका पद्धतीवर चालतात, जी रस्त्यावरची गर्दी पाहून दिव्यांच्या वेळा सतत बदलत असते. वाहतुकीसाठी ते चांगलेच आहे, पण ज्या गाडीला हिरवा दिवा केव्हा लागेल याचे भाकीत करायचे आहे तिच्यासाठी काम अवघड होते, कारण सिग्नलने सांगितलेली वेळ सिग्नल स्वतःच मोडू शकतो. ठरलेल्या वेळांवर चालणारा सिग्नल मठ्ठ असला तरी त्याचे भाकीत करता येते. हुशार सिग्नलचे भाकीत संभाव्यतेच्या भाषेतच करावे लागते. दोन हुशार यंत्रणा एकमेकींना ओळखत नसतील तर त्या एकमेकींच्या आड येतात, हे मला या विषयातले सगळ्यात विचार करायला लावणारे वळण वाटते.

या सगळ्याची पद्धतशीर परीक्षा अमेरिकेत झाली ती नेक्स्टकार या कार्यक्रमात. तिथल्या ऊर्जा खात्याच्या आर्पा-ई या संस्थेने नोव्हेंबर २०१६मध्ये १० प्रकल्पांसाठी ३.२ कोटी डॉलर जाहीर केले आणि उद्दिष्ट असे ठेवले, की गाडीच्या एरवीच्या ऊर्जाखर्चात किमान २० टक्के घट व्हावी. मात्र प्रदूषण, सुरक्षितता आणि चालवण्याचा अनुभव यांत उणेपणा येऊ नये. त्यातला मला सर्वांत जवळचा प्रकल्प मिशिगन टेक विद्यापीठाचा, आणि तो जवळचा वाटण्याचे कारण उघड आहे: जनरल मोटर्सच्या सहकार्याने त्यांनी निवडलेली गाडी माझीच, दुसऱ्या पिढीची व्होल्ट, आणि तीही एक नव्हे तर आठ. हे विद्यापीठ मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला हॉटन या गावी, सुपीरियर सरोवरात शिरलेल्या द्वीपकल्पावर आहे, जिथे वर्षाला सरासरी सुमारे ५०० सेंटीमीटर बर्फ पडतो. महाराष्ट्रातून शिकायला येणारी यांत्रिकीची मुलेही तिथे भेटतात, आणि पहिल्या हिवाळ्यात ती घरी कसे फोटो पाठवतात हे मी पाहिले आहे. चढउतार, गाव, फ्रीवेसारखा मोकळा रस्ता आणि कडाक्याची थंडी हे सगळे एका फेरीत मिळणारी प्रयोगशाळा याहून चांगली क्वचितच सापडेल.

त्यांच्या रचनेतली मला पटलेली गोष्ट म्हणजे कामाची दोन पातळ्यांवरची विभागणी. संपूर्ण मार्गाचा लांब पल्ल्याचा विचार, म्हणजे कुठल्या टप्प्यावर वीज, कुठल्या टप्प्यावर इंजिन, आणि मुक्कामाला बॅटरी कितीवर पोहोचावी, हा वाहतुकीची माहिती हाताशी असलेल्या मोठ्या संगणकावर होऊ शकतो. पुढच्या काही सेकंदांचा विचार, म्हणजे इंजिन आता लावायचे की अर्ध्या मिनिटाने, कुठल्या तऱ्हेने लावायचे, हा गाडीतच व्हावा लागतो, कारण रानावनातून जाणाऱ्या रस्त्यावर मोबाइलची जोडणी केव्हा तुटेल याचा नेम नसतो आणि गाडीने तेवढ्यासाठी अडून राहता कामा नये. वरची पातळी लक्ष्य देते, खालची ते पाळते, आणि वरून काही आलेच नाही तर गाडी आपल्या जुन्या सीडी-सीएस सवयीवर परतते. जोडलेल्या गाडीची खरी कसोटी ती जोडणी तुटल्यावर लागते, असे मी मानतो.

याच कार्यक्रमात कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड विद्यापीठाने प्लग-इन हायब्रिड शहरी बस घेतली होती, आणि मिनेसोटा विद्यापीठाने घरोघरी सामान पोहोचवणारी, विजेवर चालणारी पण पल्ला वाढवण्यासाठी इंजिन बाळगणारी गाडी. माझ्या मते हे तंत्र सर्वांत आधी आणि सर्वांत चांगले रुजायचे तर ते अशाच वाहनांत. बस रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी, त्याच थांब्यांवरून जाते. तिचा मुक्काम विचारावा लागत नाही. खासगी गाडीत मात्र सगळी माहिती असूनही सर्वांत महत्त्वाची एक गोष्ट कुणाच्याच नोंदीत नसते, ती म्हणजे चालक आज कुठे जाणार आहे आणि त्यानंतर गाडी चार्ज केव्हा करणार आहे. रोजच्या रस्त्यासाठी कुणी नकाशा लावत नाही. फोर्डने आपल्या एनर्जी मालिकेतल्या प्लग-इन गाड्यांना वारंवार जाण्याच्या जागा शिकवून त्यांच्या जवळ विजेवर राहायला लावले होते, आणि बीएमडब्ल्यूने २०२०पासून युरोपातल्या शहरांच्या ठरावीक क्षेत्रांत शिरताच गाडी आपोआप विजेवर जाईल अशी सोय केली. दोन्ही कल्पना साध्या आहेत आणि साधेपणामुळेच चालतात.

माझ्या स्वतःच्या प्रयोगाविषयी. व्होल्टमध्ये होल्ड नावाची सोय आहे, जी लावली की बॅटरी आहे तिथे राखली जाते आणि इंजिन चालू होते. काही आठवडे मी संध्याकाळी ६९६वरच्या मोकळ्या टप्प्यात होल्ड लावायचो आणि २७५वरची गर्दी लागली की काढायचो, म्हणजे संगणकाचे काम हाताने करायचो, आणि रोज घरी पोहोचल्यावर बॅटरीत किती उरले ते वहीत लिहायचो. ज्या दिवशी नकाशावरची लाल रेषा खरी ठरली त्या दिवशी बॅटरी फोर्ड रोडवरच्या शेवटच्या सिग्नलपर्यंत अगदी बेताने पुरली, आणि गॅरेजच्या दारापर्यंत गाडी निःशब्द आली. पण एका गुरुवारी नकाशाने दाखवलेला अपघात मी तिथे पोहोचेपर्यंत हटवलेला होता. रस्ता मोकळा, बॅटरी अर्धवट भरलेली, आणि तोवर जाळलेले पेट्रोल परत येणार नव्हते. वाहतुकीच्या माहितीची गंमत अशी की ती आत्ताची असते आणि मला हवी असते ती वीस मिनिटांनंतरची. त्या दिवसानंतर मी नियम बदलला आणि भाकीत जितके लांबचे तितका त्यावर कमी विश्वास ठेवून बॅटरी थोडी आधीच खर्च करू लागलो. नंतर वाचताना लक्षात आले, की संशोधकही अनिश्चितता वाढेल तसे नियोजनाला सावधपणाकडे झुकवतात.

हिवाळ्यात सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. कडक थंडीत व्होल्टचे इंजिन बॅटरी भरलेली असूनही आतली हवा गरम करण्यासाठी सुरू होते, आणि ज्या दिवशी ते होत नाही त्या दिवशी विजेचा हीटर काही किलोवॅट सतत खात राहतो. इंजिन जर चालणारच असेल तर ते फ्रीवेवर, चांगल्या भाराखाली, एकदाच आणि सलग चालावे, म्हणजे त्याची वाया जाणारी उष्णता आपल्याला मिळते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापलेला राहतो. प्रवासाच्या शेवटच्या ३-४ किलोमीटरसाठी थंड इंजिन जागे करणे हा सगळ्यात वाईट पर्याय आहे, इंधनासाठी आणि हवेसाठीही. म्हणून पुढच्या रस्त्याच्या खबरीत मी हवामानालाही धरतो.

एक आकडा मात्र या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने समोर ठेवला पाहिजे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये गाड्यांच्या स्वतःच्या नोंदींवरून सांगितले, की प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. याचे मोठे कारण म्हणजे लोक या गाड्या मानले होते तितक्या चार्ज करत नाहीत. जी बॅटरी भरलीच नाही तिची वाटणी कुठलेही गणित करू शकत नाही, आणि रोज रात्री गाडी विजेला जोडण्याची सवय ही माझ्या वहीतल्या सगळ्या प्रयोगांपेक्षा मोठी बचत आहे, हे मी मनापासून मान्य करतो.

दुसरी बाब खासगीपणाची. गाडीला मार्ग सांगायचा तर तो कुणाला तरी सांगावा लागतो, आणि रोजच्या मार्गाची नोंद म्हणजे माणसाच्या दिनक्रमाचीच नोंद. मला वाटते, उलट्या दिशेने माहिती पाठवणे शक्य आहे: परिसरातल्या सगळ्या रस्त्यांचा अंदाज गाडीत उतरवून घ्यावा आणि हिशेब गाडीतच करावा, म्हणजे मी कुठे निघालो हे बाहेर जाण्याची गरज उरत नाही. संगणकाची ताकद आता तेवढी आहे.

आतेभावाला मी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्याला पुण्यात राहून माहीत नव्हती. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०१० साली रेव्होलो नावाचा एक संच जाहीर केला होता, जो रस्त्यावरच्या जुन्या गाडीला बसवून तिची प्लग-इन हायब्रिड करता येणार होती. भारतात या जातीच्या गाड्या आजही मोजक्याच आणि महागड्या आहेत, पण त्या गाड्यांची मेंदूची बाजू, म्हणजे नियंत्रणाचे सॉफ्टवेअर, लिहिणारे कितीतरी हात पुण्यात आहेत. त्यावर त्याने विचारले, "मग तुझ्या गाडीला हे सगळे कधी मिळणार?" व्होल्टचे उत्पादन २०१९मध्येच थांबले, त्यामुळे माझ्या गाडीसाठी हे कुणी लिहिणार नाही. होल्डचे बटण तेवढे आहे. या आठवड्यात पारा बराच खाली आहे, म्हणून सकाळी घरातून निघाल्यावर फोर्ड रोड विजेवर आणि २७५ला लागताच होल्ड, असा क्रम ठेवला आहे. संध्याकाळी बॅटरी कितीवर येते ते वहीत उतरवतो आहे.